शेवटच्या थांब्यावरचं कुलूप

पाणी न पिण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पहाटे पाचला अर्धा कप चहा, तोही तळाशी घोटभर ठेवून. आणि मग थेट दुपारी डेपोत परतल्यावर उभ्यानं दोन तांबे. मधल्या नऊ तासांत घसा नुसता ठणठणीत कोरडा. त्या कोरड्या घशानं ती बसमध्ये ओरडत असायची, "पुढे चला, पुढे चला! मागे माणसं लोंबकळतायत आणि पुढे काय बाग आहे का फिरायला? चला पुढे!" रोजच्या प्रवाशांनी तिचं नाव पुढेचलाबाई पाडलं आणि डेपोतही तेच चिकटलं. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

सात वर्षं ती लांबच्या रूटवर कंडक्टर होती. एकतीस थांबे, जायला साडेतीन तास, यायला साडेतीन. मध्ये कुठे सोय नाही. शेवटच्या थांब्यावर वीस मिनिटं गाडी उभी राहायची. तिथे कंट्रोलरची केबिन, तिच्यामागे पुरुषांसाठी एक भिंत आणि भिंतीला लागून एक पत्र्याचं दार. दारावर निळ्या रंगानं 'महिला' असं छान ठसठशीत लिहिलेलं आणि त्या अक्षरांखाली नारळाएवढं कुलूप. आत जुने टायर ठेवलेले. किल्ली कंट्रोलरच्या खिळ्याला. सात वर्षांत तिनं किती वेळा मागितली असेल! दर वेळी उत्तर एकच, "आत सामान आहे हो बाई." मग तिनं मागणंच सोडलं आणि पाणीही सोडलं. देवानं माणसाला तहान दिली ती काही उगीच नाही, पण बाईमाणूस एकदा हट्टाला पेटलं की तहानेलाही दाराबाहेर उभं करतं.

शरीर मात्र असं ऐकत नसतं. गेल्या वर्षभरात तिला तीनदा ताप भरला, लघवीला आग झाली, कंबर धरली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आणि महिन्यापूर्वी, सव्विसाव्या थांब्यानंतरच्या खड्ड्यात बस आदळली, त्याच क्षणी तिला शिंक आली आणि जे व्हायचं ते झालं. शेजारच्या सीटवरच्या मुलीची पाण्याची बाटली तिनं घाईघाईनं हातात घेतली, आपल्याच मांडीवर सांडली आणि मोठ्यानं म्हणाली, "बघा, धक्क्यानं काय झालं!" बाटलीवाली मुलगी बिचारी माफी मागत बसली. तेवढ्या एका माफीनं पुढेचलाबाईंना रात्रभर झोप नाही.

त्यातच डेपोच्या साहेबांची नोटीस लागली. वर्षात सहापेक्षा जास्त आजारी रजा घेतलेल्यांना लांबच्या रूटवरून काढणार, गाड्या धुण्याच्या विभागात घालणार. तिच्या रजा नऊ. सोमवारी साहेबांसमोर हजर व्हायचं होतं. लांबचा रूट म्हणजे तिचा जीव की प्राण. शेतं, पूल, शाळेची पोरं, बाजाराच्या बायका, एकतीस थांब्यांची एकतीस तऱ्हेची माणसं. ती सोडून दिवसभर पाइप धरून चाकांवर पाणी मारायचं? त्यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट, असं ती म्हणायची खरी; पण घरी बसणं तिला जमलं नसतं हे तिला आणि सासूबाईंना, दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

बुधवारी डेपोत सिस्टरबाई आल्या. रुग्णालयातून निवृत्त झालेल्या. आता वस्त्यांत, कारखान्यांत, शाळांत जाऊन बायकांना शिकवायच्या. साठी उलटलेली, गळा मात्र असा की सकाळी देवासमोर उभ्या राहून गायल्या तर चार घरं जागी व्हावीत. महिला विश्रांतीगृहातल्या खाटेवर त्या मांडी घालून बसल्या आणि फळ्यावर खडूनं एक फुगा काढला.

"ही लघवीची पिशवी," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीकडे आहे. ज्या लाजतायत त्यांच्याकडेही आहे."

मागून डेपोतली सगळ्यात जुनी कंडक्टर बोलली. तिला तोफ म्हणत. "सिस्टरबाई, हे आम्हाला दुसऱ्या वर्षीच शिकवलं होतं आमच्या आईनं. आता काय पुन्हा बालवाडीत घालता?"

"नीट शिकवलं असतं, तर मघाशी तू दारातून लंगडी घालत आत पळाली नसतीस. दिवसातून किती वेळा जातेस?"

"जिथे दार उघडं दिसेल तिथे. असो नसो, जाऊन घ्यावं. पुढचं कुणी पाहिलंय?"

"म्हणजे पिशवीला दर घटकेला हलवून उठवतेस. मग ती चमचाभर जमलं तरी हाका मारायला शिकते. आणि ही बघ," सिस्टरबाईंनी पुढेचलाबाईंकडे बोट केलं, "हिचे ओठ सांगतायत. ही पाणीच पीत नाही. पाणी तोडलं की लघवी कमी होते हे खरं गं बाई, पण जी होते ती जाळत जाते. आणि साचून राहते तिच्यात दुखणं घर करतं."

मग त्यांनी एकेक गोष्ट उलगडून सांगितली. दिवसभर थोडं थोडं पाणी, एकदम नाही. तीन-चार तासांनी जावं. पाय जमिनीला टेकवून, सैल बसावं. अर्धवट उभं राहून नाही. जोर लावायचा नाही. मध्येच जोराची लागली तर पळायचं नाही, जागीच थांबायचं, खालचे स्नायू पाच वेळा आत ओढून सोडायचे, लाट जाऊ द्यायची आणि मग शांतपणे चालत जायचं. खोकताना-शिंकताना थेंब जाणं हे बाईच्या कपाळी लिहिलेलं नसतं, त्यालाही व्यायाम आहे, उपाय आहे. आग, ताप, रक्त असेल तर मात्र डॉक्टर. आणि बोलून बोलून दमल्यावर म्हणाल्या, "बोललेलं या कानानं येतं, त्या कानानं जातं. गायलेलं मुक्कामाला राहतं. म्हणा माझ्यामागे." आणि डेपोच्या त्या पत्र्याच्या खोलीत, डिझेलच्या वासात, त्यांनी सूर लावला:

पाणी प्यावं घोट घोट, जसं पाटानं शेतात,
लोट नको, दुष्काळ नको, देह देवाच्या हातात.
बसावं ते नीट टेकून, जोर नको, नको घाई,
अर्ध्यावरून उठलीस तर फेरी पुरी होत नाही.

पहिल्या ओळीला बायका फिदीफिदी हसल्या. चौथ्या ओळीला तोफेचा आवाज सगळ्यांत वर होता.

जाताना सिस्टरबाईंनी गृहपाठ दिला. तीन दिवस लिहून ठेवायचं: काय प्यायलं, केव्हा गेलो, किती झाली, कुठे थेंब गेले. "लिहिल्याशिवाय शरीराचं म्हणणं कळत नाही," त्या म्हणाल्या.

आता कंडक्टरला लिही म्हटलं की तो कसा लिहिणार? पुढेचलाबाईंनी गुरुवारी आणि शुक्रवारी बसमध्येच लिहिलं, तिकिटांचा हिशेब लिहायच्या पॅडवर, फेरीचा कागद भरावा तसं, आणि खाली सवयीनं कार्बनही घातला. घड्याळाची वेळ एकदाही नाही. तिला वेळ थांब्यांनीच कळायची. थांबा पाच: दोन घोट. थांबा अठरा: लागली, नाही गेले. थांबा सव्वीस: उडी, थेंब गेले. थांबा एकतीस: कुलूप. परतीला, थांबा चोवीस: पोट दगड. शुक्रवारी ड्यूटी संपल्यावर तिनं पॅडवरचे वरचे सगळे कागद फाडले, टाचणी मारली आणि ऑफिसच्या पेटीत टाकले. सात वर्षं रोज असंच करत आली होती. पेटीचं झाकण वाजलं तेव्हा तिला काही वाटलं नाही. घरी येऊन पिशवी उघडली, तेव्हा पॅडमध्ये नुसत्या निळ्या नकला शिल्लक!

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. असले कागद ऑफिसात गेले म्हणजे सोमवारपर्यंत ते साहेबांच्या टेबलावर.

शनिवारी सुट्टी होती. तिसऱ्या दिवसाचं लिहायचं म्हणून ती स्वयंपाकघरात पॅड घेऊन बसली. सिस्टरबाईंनी सांगितलं तसं दिवसभर सात ग्लास पाणी प्यायली, हवं तेव्हा गेली, नीट बसली, वेळ घेतला. एक थेंबही इकडचा तिकडे नाही. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "काय गं, सुट्टीतही ड्यूटी लिहितेस?"

तिनं पॅड पुढे सरकवलं. लपवायचं कशाला आता? सासूबाईंनी चष्मा लावला, निळी अक्षरं बोटानं जोडत वाचली. वाचून झाल्यावर पॅड पालथं घातलं आणि कितीतरी वेळ त्या ओट्याची कड चोळत राहिल्या.

"चार वर्षं झाली, मी प्रवचनाला जात नाही," त्या म्हणाल्या.

"गुडघ्यांमुळे ना?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? मी शेवटच्या वेळी गेले, तर बुवांनी असा काही सूर लावला की सगळी माणसं हसत रडत उठून उभी राहिली. मीही उठले. आणि उठता उठता लुगडं ओलं. कुणाला कळलंही नसेल. पण मला कळलं ना? त्या दिवसापासून मी गुडघे पुढे केले. ज्या सुरांवर माझा जीव, त्यांना मी या एवढ्याशासाठी मुकले. गप्प बसले म्हणून मुकले." त्यांनी सुनेकडे पाहिलं. त्यांचा आवाज असा करडा तिनं कधी ऐकला नव्हता. "तू गप्प बसलीस ना सोमवारी, तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

सोमवारी साहेबांच्या खोलीत पंखा गरगरत होता आणि टेबलावर टाचणी मारलेले तिचे कागद होते. बाजूला कारकून मान खाली घालून बसला होता. त्यानं ते वाचले आहेत हे त्याच्या लाल झालेल्या कानांवरून कळत होतं.

"बाई, हे... हे जे काही आहे," साहेब म्हणाले, "ते ऑफिसच्या कागदांसोबत आलंय. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"मग मी वेगळं काय सांगू? सव्विसाव्या थांब्यावर, इथे तुम्हीच लिहिलंय की... म्हणजे तब्येत लांबच्या रूटची नाही. नऊ रजा आहेतच. मला माणुसकी आहे म्हणून म्हणतो, धुण्याच्या विभागात आराम पडेल."

तिचे कान तापले. क्षणभर वाटलं, हो म्हणावं आणि ते कागद एकदाचे त्या टेबलावरून उचलावेत. मग तिला ओट्याची कड चोळणारी बोटं दिसली.

"साहेब, तुम्ही मधूनच तिकीट फाडताय," ती म्हणाली. "फेरी पहिल्या थांब्यापासून वाचायची असते. द्या इकडे." आणि तिनं कागद ओढून घेतले, त्यांच्यामागे पिशवीतलं शनिवारचं पान लावलं आणि तो तिचा एकतीस थांब्यांना पुरणारा आवाज खोलीत लावला. "थांबा पाच, दोन घोट पाणी. थांबा अठरा, लागली, नाही गेले. का नाही गेले? कारण सोय नाही. थांबा सव्वीस, थेंब गेले. थांबा एकतीस, कुलूप! दुसऱ्या दिवशीही कुलूप. आता हा शनिवार, घरचा. सात ग्लास पाणी, पाच वेळा लघवी, थेंब एकही नाही. दुखणं माझ्यात असतं तर ते सुट्टीला सुट्टीवर गेलं असतं का? दुखणं एकतिसाव्या थांब्यावर राहतं साहेब. निळ्या रंगाच्या दारात."

कारकुनानं फाईल तोंडासमोर धरली.

"कुलपाचं मी लेखी मागवतो," साहेब म्हणाले. "आठ दिवसांत निर्णय देतो. तोवर..."

"तोवर मी काय करू? गाठ मारून ठेवू?"

फाईलच्या मागून खोकल्यासारखं काहीतरी बाहेर पडलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. "तोवर रूटवर जा. पण एक लक्षात ठेवा. आता एक जरी तक्रार आली, एक जरी फेरी लांबली, तरी ड्यूटीच्या बोर्डावरून तुमचा नंबर मी स्वतः पुसेन."

मंगळवारी ती पाचला उठली आणि पूर्ण ग्लासभर पाणी प्यायली. बसमध्ये बाटली घेतली. दर दोन थांब्यांना घोट, पाटानं शेतात सोडावं तसं. अठ्ठाविसाव्या थांब्यावर मोठी लाट आली. ती दांडा धरून जागच्या जागी थांबली, स्नायू आत ओढले, सोडले, पाचदा, लाट ओसरली. "तिकीट, तिकीट," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला सुट्टे पैसेही बरोबर दिले.

एकतिसाव्या थांब्यावर ती चालत, अजिबात न पळता, केबिनच्या खिडकीशी गेली. "किल्ली द्या."

कंट्रोलरनं वरही पाहिलं नाही. "आत सामान आहे हो बाई."

"टायर आहेत. ते मला बघून लाजणार नाहीत."

"सात वर्षं चाललं ना? मग आजच काय झालं?"

"चाललं नाही, मी चालवलं. आजपासून नाही चालवणार."

"वरून सांगितल्याशिवाय मला दार उघडता येत नाही. तुमची वीस मिनिटं झाली की गाडी काढा, उशीर झाला तर तसा शेरा मारीन मी."

ती परत आली. परतीचे प्रवासी बसले होते, वेळ भरली होती. ड्रायव्हरकाकांनी इंजिन सुरू केलं आणि ते आरशातून बघत थांबले. कंडक्टरनं दोरी ओढून डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही, हा नियम. साहेब मोठा असो, कंट्रोलर मोठा असो, त्या दोन टोल्यांवर हुकूम फक्त कंडक्टरचा.

"काका," ती म्हणाली, "बेल मिळणार नाही."

काकांनी आरशात तिच्याकडे नीट पाहिलं. निवृत्तीला त्यांचे सात महिने राहिले होते. "मला हल्ली जरा कमी ऐकू येतं," ते म्हणाले, "पण न वाजलेली घंटा मला अगदी स्पष्ट ऐकू येते." आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

गाडीत गलका उठला. "काय झालं? बंद पडली का? ओ पुढेचलाबाई, आज तुम्हीच चला की पुढे!"

ती पायरीवर उभी राहिली. "मंडळी, गाडी चांगली आहे. उशीर होतोय तो माझ्यामुळे. मला लघवीला जायचंय. ते तिथे बायकांसाठी बांधलेलं दार आहे आणि त्याची किल्ली त्या केबिनमधल्या खिळ्याला आहे. ती मिळेपर्यंत मी बेल देणार नाही."

पुढच्या सीटवरच्या एका बॅगवाल्या गृहस्थांचं तोंड वाकडं झालं. "अहो, हे काय बोलणं झालं? चारचौघांत? बायामाणसं बसलीयत!"

"बायामाणसांच्याच कामाचं बोलली ती," मागून एक म्हातारी गाठोडं सावरत उठली. "आणि मलाही जायचंय. घरून निघाल्यापासून देवाचं नाव घेत बसलेय मी, देवही कंटाळला असेल."

हशा पिकला. म्हातारी उतरली. तिच्यामागे कडेवर मूल घेतलेली एक, मग शाळेतल्या दोघी शिक्षिका, मग एक भाजीवाली. सगळ्या जाऊन त्या निळ्या दारासमोर उभ्या राहिल्या. कंट्रोलरनं फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मग उठून त्यानं खिळ्यावरची किल्ली काढली आणि खिडकीतून पुढे केली, स्वतः बाहेर न येता.

कुलूप गंजलेलं. काकांनी तेल आणलं. दार उघडलं तर आत छतापर्यंत टायर. तेव्हा गंमत अशी झाली की ज्यांना सगळ्यांत जास्त घाई होती ते बॅगवाले गृहस्थच बाह्या सावरून पुढे आले आणि "व्हा बाजूला, नाहीतर इथेच संध्याकाळ व्हायची" म्हणत एकेक टायर घरंगळवत बाहेर काढू लागले. आत जाळी होती, धूळ होती, पण नळाला पाणी होतं! म्हातारीनं स्वतः बादलीनं फरशी धुतली आणि पुढेचलाबाईंना म्हणाली, "जा. पहिला मान तुझा."

ती आत गेली. दार लावलं. बाहेर हॉर्न वाजत होते, मागची गाडी येऊन थांबली होती, कुणीतरी वेळ ओरडून सांगत होतं. ती पाय टेकवून सैल बसली आणि पुरता वेळ घेतला.

बाहेर आली तेव्हा कंट्रोलर केबिनच्या दारात फोनची वायर ताणून उभा होता. "साहेब आहेत. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात."

तिनं आधी हात धुतले, ओढणीला पुसले आणि मग फोन घेतला.

"बाई, सुटायची वेळ टळून एकोणीस मिनिटं गाडी उभी आहे!"

"हो साहेब. आता त्या कुलपाचं लेखी तुम्हाला मिळेलच. ते मागवायचं होतं ना तुम्हाला?"

"मी सोमवारी काय म्हणालो होतो, आठवतंय?"

"शब्द न् शब्द. नंबर पुसायचा तर पुसा. पण पुसताना कारण लिहावं लागेल आणि ते तुम्हाला तुमच्या हातानं, पूर्ण शब्दांत लिहावं लागेल. तिथे 'जे काही आहे ते' चालणार नाही. आणि गेल्या बुधवारी विश्रांतीगृहात बसलेल्या आम्ही चौदाजणी तो कागद वाचायला येऊ. तीन-तीन दिवसांचं लिहिलेलं प्रत्येकीकडे आहे. सगळे तुमच्या पेटीत टाकतो."

"तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?" साहेबांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"रूट हवाय आणि हे दार उघडं हवंय. दोन्हीतलं एक उचल म्हणाल तर नाही उचलणार."

साहेब म्हणाले, "उद्याचा बोर्ड लागलाय. त्यात मी काही बदल केलेला नाही."

"मग किल्ली माझ्याकडे राहील."

"राहू दे. आता तरी गाडी काढा, बाई!"

तिनं दाराकडे पाहिलं. म्हातारी आत गेली होती, मूल कडेवरून उतरून रांगेत धावत होतं आणि मागच्या गाडीतूनही तीन बायका खाली उतरून येत होत्या.

"काढते," ती म्हणाली. "पण आत्ताच नाही. अजून सातजणी आहेत."